कॅमेऱ्याचा परकर

न्यूटाऊन वस्तीतल्या बायका आपल्या लेकींना बजावत, "लामिलेच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस. जिनं सख्ख्या बहिणीला फेफरं दिलं, ती तुला सोडेल होय?" केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकणारी म्हातारी तिच्यासाठी वेगळ्या पानात गोळा काढून ठेवी आणि ते पान दोन बोटांनी पुढे सरकवी. नळावर तिची बादली आली की रांग मागे सरके.

त्याआधी याच बायका तिच्याविषयी वेगळे बोलत. "लामिलेला विनोद सांगून बघा. हसायच्या आधी विचारेल, मेन स्विच बंद केलाय का?" ती कमरेला लाल कुलूप लटकावून कामावर जाई. कोणत्याही यंत्रात हात घालण्यापूर्वी वीज तोडायची, स्विचला ते कुलूप ठोकायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, हा तिचा नेम होता. "म्हणून तर लग्न झालं नाही," बायका म्हणत. "नवऱ्याला कुलूप कुठून लावणार?" लामिलेला या थट्टेचे वाईट वाटत नसे. थट्टा कानामागे टाकून ती कामाला जाई.

दोन्ही बोलणी मी ऐकली आहेत. लामिले आणि तिची बहीण, या बोर्केतेय बहिणींच्या अंगणात समोरची खोली माझी होती, आणि तेमा बंदरालगतच्या ट्युना डबाबंद करणाऱ्या ज्या कारखान्यात लामिले विजेचे काम पाही, त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी होते. थट्टेच्या बोलण्याचे भीतीचे बोलणे कसे झाले, ते सांगण्यासारखे आहे.

लामिलेची धाकटी बहीण शोर्मे. लहानपणी मासे धुरवायच्या भट्टीशी ती उभ्याउभ्या कोसळली आणि तिचा डावा हात निखाऱ्यांत गेला. आईने शेजारपाजारी सांगितले, उकळते तेल सांडले. हाताचा व्रण राहिला आणि तेलाची गोष्टही राहिली. आमच्याकडे फेफरे येणाऱ्या माणसाच्या ताटाला कोणी हात लावत नाही. ते लाळेतून दुसऱ्याच्या अंगात शिरते असे सगळेच मानतात, चार बुके शिकलेलेही मानतात. आईने मरताना लामिलेकडून एकच वचन घेतले होते: ही गोष्ट या भिंतींच्या बाहेर जाऊ द्यायची नाही. पुढे शोर्मेचे लग्न बंदरावरच्या ओकायशी झाले, दोन मुले झाली, आणि त्या घरातही ते कोणाला कळले नाही. न्यूटाऊनच्या दवाखान्यातली नर्स ओकायची मावशी होती. त्यामुळे लामिले आपल्या साप्ताहिक सुट्टीला राजधानी अक्राला जाई, तिथल्या इस्पितळात स्वतःच्या नावावर गोळ्या घेई आणि पावडरच्या डब्यातून बहिणीला पोचवी. कागदोपत्री आजार लामिलेचाच होता. मला हे माहीत होते, कारण एकदा झटका आला तेव्हा शोर्मेचे पाय मी धरले होते.

शोर्मेलाही लामिलेनेच कारखान्यात चिकटवले होते. डब्यांना झाकणे बसून ते पट्ट्यावरून पुढे येत, तिथल्या टेबलावर ती इतर बायकांबरोबर उभी राहून काठ तपासत असे. झाकणाची दुमड कुठे उघडी राहिली असेल तर तो डबा उचलून बाजूला टाकायचा. कामात तिचा हात चालत असे. गोळ्या वेळेवर घेतल्या की महिनोन्‌महिने काही होत नसे.

मग परदेशातल्या खरेदीदाराने सांगितले, दुमड माणसाच्या डोळ्याने तपासलेली चालणार नाही. कॅमेरा हवा.

कॅमेरा आला तो तळहातात मावेल एवढाच होता. भिंग त्याच्यातच होते आणि डबा चांगला की वाईट हे ठरवणारा मेंदूही त्याच्यातच. त्याच्याभोवती दिव्यांचे एक कडे होते. डबा खाली आला की ते एकदा लखकन चमकायचे, कॅमेरा चित्र घ्यायचा, आणि दुमड सदोष असली तर पुढच्या नळीतून हवेचा फवारा त्या डब्याला बाहेर उडवायचा. लामिलेने तो बसवायला घेतला तेव्हा मी अधूनमधून बघायला जाई. वीज बंद, कुलूप लावलेले, हवेच्या नळीतला दाब आधी सोडून दिलेला. कॅमेऱ्याची तार तिने मोटारीच्या तारांपासून लांबून आणली, नाहीतर मोटार सुरू होताना कॅमेऱ्याला भलतेच दिसते. कॅमेऱ्याचा खांब जमिनीत पक्का केला. पट्ट्याला जोडला असता तर पट्ट्याबरोबर कॅमेराही थरथरला असता. खारे पाणी मारून रोज सगळे धुतले जाते, म्हणून प्रत्येक जोडणीचे टोपण तिने स्वतः आवळले. आणि तपासणीच्या टेबलापासून हात पोचेल अशा अंतरावर लाइन थांबवायचे लाल बटण बसवले.

सोबतच्या माहितीपत्रकातली सावधगिरीची पाने मात्र ती पुन्हा पुन्हा वाचत होती. दिव्याकडे थेट पाहू नये. आणि त्याखाली: लुकलुकत्या प्रकाशाने काही व्यक्तींना झटके येऊ शकतात. डबे भराभर येणार, म्हणजे कडे सेकंदाला कितीतरी वेळा लखलखणार, आणि तेही शोर्मेच्या डोळ्यांसमोर.

ती उत्पादनप्रमुख बेंटसिल साहेबांकडे गेली. टेबल लांब हलवा म्हणाली. टेबल हलवायला जागा नव्हती. "आणि त्यात लिहिलंय तर विचारून टाकू ना सगळ्यांना," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू होताना, प्रार्थनेनंतर, त्यांनी सर्वांसमोर विचारले, "फेफरं येतं असं कोणी आहे का?"

सगळ्या लाइनीने एकदम डोक्याभोवती हात फिरवून चुटक्या वाजवल्या. अशुभ नाव कानावर पडले की ते उडवून लावायची आमची हीच रीत आहे. "तोंड धुवा साहेब!" कोणीतरी ओरडले. "सकाळी सकाळी असलं नाव घेता?" हशा पिकला. सर्वांत मोठी चुटकी शोर्मेची होती.

त्या संध्याकाळी अंगणात दोघींची कुजबूज चालली होती.

"दुसऱ्या कामावर जा. माशांच्या साफसफाईला जा," लामिले म्हणाली.

"का म्हणून विचारतील."

"सांग, पाठ दुखते."

"पाठ दुखणारीला पहिली घरी बसवतात, ताई. आणि घरी बसले की सासू दिवसभर माझ्यासमोर. झटका आला तर? कामावर निदान तू असतेस."

 लामिलेने मग पत्रा आणला, कापला, आतून-बाहेरून काळा रंग दिला आणि दिव्यांच्या कड्याभोवती असे आवरण केले की ते खाली पट्ट्याला टेकायला जेमतेम डब्याएवढी फट राहील. बायका हसून लोळल्या. "लामिलेनं कॅमेऱ्याला परकर नेसवला!" शोर्मेच्या जागी उभी राहून, वाकून, बसून, मान तिरकी करून लामिलेने स्वतः पाहिले. प्रकाशाचा एक किरण बाहेर येत नव्हता.

तो कॅमेरा सुरू करायचा दिवस उजाडला तेव्हा खरेदीदाराचा प्रतिनिधी हजर होता, आणि पास्टर ओदोनकोरही होते. आमच्याकडे कोणतेही यंत्र प्रार्थनेशिवाय आणि तेलाच्या बोटाशिवाय चालू होत नाही. बॉयलरवरचा तेलाचा क्रूस तर काजळी धरून आता कोरल्यासारखा दिसतो. "खांबाला लावा, पास्टर," लामिलेने सांगून ठेवले होते आणि ती वीज द्यायला पॅनेलकडे गेली. पास्टरांनी खांबाला लावले. मग त्यांना वाटले, बघायचे काम तर डोळ्याला करायचे आहे, आशीर्वादाची गरज त्यालाच अधिक. त्यांनी परकराखालून हात घातला आणि भिंगावरच्या काचेवर तेलाचा क्रूस काढला.

लाइन सुरू झाली, आणि फट्‌ फट्‌ करीत फवारा एकेक डबा बाहेर उडवू लागला. चांगले डबे. सगळेच डबे. टोपली भरून डबे जमिनीवर गडगडू लागले. प्रतिनिधी घड्याळ पाहू लागला.

"काय झालंय?" बेंटसिल साहेबांचा चेहरा उतरला होता.

"लाइन थांबवा, बघते."

"पाहुण्यासमोर पहिल्याच दिवशी लाइन थांबवू? ते पत्र्याचं काढ, वरून बघ. अंधार केलायस तू त्याला, दिसणार कसं!"

"चालू लाइनीवर नाही काढता येणार. दिवा डोळ्यांना वाईट आहे, साहेब."

"वेल्डिंग रोज बघतात इथे लोक! ए, पाना आण रे." आणि ते स्वतःच पुढे झाले.

पहिला स्क्रू ढिला झाला. आवरण एका बाजूने कलले आणि फटीतून तो पांढरा लखलखाट टेबलावर सांडला. शोर्मे पलीकडे उभी होती. तिने डोळे मिटून घेतले, पण पापण्या थरथरत होत्या.  लामिले पॅनेलकडे धावली, वीज तोडली आणि कुलूप लावले.

सगळे थांबले. शेवटचा डबा गडगडत जाऊन भिंतीला लागला.

"किल्ली दे."

"नाही देणार."

"कारण सांग, नाहीतर चालू लाग घरी. आत्ता!"

लामिलेने बहिणीकडे पाहिले. शोर्मे ओठ न हलवता डोळ्यांनीच नको-नको म्हणत होती. मला ते कळले, लामिलेलाही कळले.

"उघड्या दिव्यानं फेफरं येतं," लामिले म्हणाली.

"कुणाला?"

"मला."

गर्दी मागे सरकली. ती सरकली तेव्हाचा चपलांचा आवाज मला अजून ऐकू येतो. डोक्यांभोवती हात फिरले, चुटक्या वाजल्या, कोणी थुंकले. पास्टरांनी डोळे मिटले. आणि त्या चुटक्यांमध्ये एक चुटकी शोर्मेचीही होती. वाजवली नसती तर तिच्याकडे लोकांनी वळून पाहिले असते.

लामिले वाकली, परकराखाली हात घालून काच चाचपली, बोटाला लागलेले तेल पाहिले. स्पिरिटच्या फडक्याने काच पुसली, स्क्रू पुन्हा आवळला, कुलूप काढले. लाइन सुरू झाली. एकही चांगला डबा उडाला नाही. प्रतिनिधीने समाधानाने मान डोलावली. लामिलेच्या हातातले फडके घ्यायला मात्र कोणी पुढे आले नाही.

दुसऱ्या दिवशी बेंटसिल साहेबांनी तिला दारातच उभे करून सांगितले, "नियम मी केलेला नाही, लामिले. फेफरं येणारा माणूस विजेच्या कामावर ठेवता येत नाही. काढत नाहीये तुला. मागच्या आवारात झाडलोट कर." तिने मान खाली घातली. नियम बरोबरच होता. तो तिलाही पाठ होता.

तिच्या जागी क्पोदो आला. हसरा, चपळ, कामाचा. संध्याकाळी धुलाई झाली की परकरामुळे भिंग पुसायला अवघड जाई. त्याने तो काढला आणि खिळ्याला अडकवला. मग तो रोजच खिळ्यावर राहू लागला. लामिलेने ते आवारातून पाहिले आणि झाडू टाकून आत आली.

"दुरून बोल, सिस्टर!" क्पोदो दोन पावले मागे गेला.

"दुरूनच बोलते. ते आवरण परत लाव. काच पुसताना लाइन बंद कर, हवं तर मी सकाळी लवकर येऊन पुसून जाईन."

"तू? त्याला हात लावणार?" तो हसला, पण हसण्यात कुत्सितपणा नव्हता. "अगं, तुझ्यासाठी होतं ना ते? आता तू इथं नसतेस. मग परकर नेसवायचा कुणासाठी?"

 "सगळ्यांच्याच डोळ्यांना वाईट आहे," ती म्हणाली. "बाकीच्या बायका तर काही बोलत नाहीत," क्पोदो म्हणाला, "तुलाच काय ते बघवत नाही." ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, बघू. ती माझ्याकडे आली. मी प्रयोगशाळेच्या वतीने साहेबांना सांगून पाहिले. ते पुन्हा म्हणाले, बघू. पण नव्या कॅमेऱ्यावर खरेदीदार खूश होता, आणि चालत्या गाड्याला खीळ घालायची त्यांची तयारी नव्हती.

शोर्मे मान फिरवून काम करू लागली. डोक्याचा रुमाल तिने कपाळावर पुढे ओढला होता. लामिले सांजेला अंगणाच्या कोपऱ्यात उभी राहून तिला विनवी, "काम सोड. मी तुझं घर चालवीन." शोर्मे आली तरी दूर उभी राहून उत्तर देई, कारण आता बहिणीजवळ बसलेले तिच्या सासरी चालत नव्हते. "आता सोडलं तर म्हणतील, बहिणीचं हिलाही आहे. तूच असं करून ठेवलंस ना?" यात राग होता की भीती, मला सांगता येणार नाही. दोन्ही असावे.

त्यातच झाडलोटीच्या पाळीला लामिलेची मधल्या वाराची सुट्टी जाऊन रविवारची आली. रविवारी अक्राचे ते इस्पितळ औषध देत नाही. ती रजा मागत राहिली, मुकादम "फेफऱ्याला पुन्हा रजा कशाला?" म्हणत राहिला. पावडरच्या डब्यातल्या गोळ्या अर्ध्या-अर्ध्या करून पुरवल्या, आणि मग त्याही संपल्या. तिने जिला-तिला विचारले, कोणी अक्राला जाणार आहे का. फेफऱ्याची चिठ्ठी हातात घ्यायला कोणी तयार होईना. शेवटी मीच जाऊन आणते म्हणाले. ज्या सकाळी मी बसमध्ये बसले, त्याच सकाळी ते घडले. पुढचे मला इतरांनी सांगितले. सगळ्यांचे सांगणे सारखे होते, म्हणून ते खरे असावे.

लाइन भरात होती. शोर्मेने हातातला डबा ठेवला, वर पाहिले आणि पाहतच राहिली. मग पट्ट्यावर आडवी झाली. डावा हात पट्टा फिरवणाऱ्या दोन रुळांच्या मध्ये ओढला जाऊ लागला. शेजारच्या बायका किंचाळत मागे पळाल्या; लाल बटण हाताशी होते, पण ते बटण शोर्मेच्या अंगापलीकडे होते, आणि तोंडातून फेस येणाऱ्या अंगावरून हात कोण नेणार? लामिले आवारातून धावत आली. गर्दी तिला वाट द्यायला फाकली, कारण तिलाही कोणी शिवत नव्हते. तिने बटण दाबले. हात सोडवला. बहिणीला कुशीवर वळवले, डोक्याखाली स्वतःचा कामाचा वरचा झगा काढून दिला आणि झटका ओसरेपर्यंत तिथेच बसून राहिली.

मनगट मोडले होते. हात वाचला.

शोर्मे शुद्धीवर यायच्या आत कारखान्याने निकाल लावला होता. "बघा, लागलं!" बायका म्हणत होत्या. "बहिणीचं बहिणीला लागलं. एका ताटात खायच्या ना दोघी!" क्पोदो भिंतीला टेकून उभा होता. तो पुटपुटला, "दिवा..." पण ते कोणी ऐकून घेतले नाही. परकर त्याने त्याच दुपारी परत लावला, एवढे मी त्याच्या बाजूने सांगते.

संध्याकाळी मी गोळ्या घेऊन परतले तेव्हा आमच्या अंगणात गर्दी जमली होती. शोर्मेची सासू अवो आदोले (आमच्याकडे आईला अवो म्हणतात), ओकाय, त्यांच्या घरचे दोन वडीलधारे. दारात शोर्मे, हात गळ्यात बांधलेला. लामिले अंगणाच्या मधोमध एकटी उभी होती, आणि तिच्याभोवती एक मोकळे कडे राहिले होते.

"माझी सून तुझ्याकडून धडधाकट आणली होती आम्ही," अवो आदोले म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो अधिक लागत होता. "हाताला नुसता तेलाचा डाग होता. आता हिला ठेवू की परत पाठवू, ते ठरवायला हे लोक आलेत. ही जन्मापासून अशी असेल, तर आम्हाला फसवलंत तुम्ही, आणि ही तुझ्या घरी परत येणार, मुलं आमच्याकडे राहणार. आणि तुझं लागलं असेल, तर ती आमची आजारी माणूस, आम्ही तिचं बघू. देवाच्या नावानं खरं बोल."

ओकाय खाली बघत होता. त्याला काय ऐकायचे होते ते त्याच्या खांद्यांवरून दिसत होते.

शोर्मे एक पायरी उतरली. तिचे तोंड उघडले होते. "अवो," ती म्हणाली, "ते तेलाचं..."

"तू गप्प बस!" लामिले इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खोल्यांमधली मुले बाहेर आली. मग ती सासूकडे वळली. मला वाटले होते, तिचा आवाज फुटेल. तो फुटला नाही.

"हो, माझंच लागलंय तिला. माझ्या ताटातलं खायची ती. आता रडत बसू नका, उद्या सकाळी तिला दवाखान्यात न्या, तिच्या स्वतःच्या नावावर गोळ्या घ्या, आणि पुन्हा माझ्या दारात पाठवू नका."